विणकरणीची कॉइल

चष्मेवाल्यानं काचपट्टी खिडकीसमोर धरली, ‘हाऽ’ करून तिच्यावर तोंडाची वाफ सोडली, खिशातलं मऊ कापड काढून गोल गोल फिरवलं आणि भावोजींचा स्फटिक पुसून टाकला. वर काच पुन्हा उजेडात धरून समाधानानं म्हणाला, “आता बघा. आरशासारखी!”

भावोजी पाठमोरे होते. हेलियमच्या टाकीतून चुंबकात जाणारी नळी नीट बसली आहे की नाही ते बघत होते. तसंच पाठमोऱ्यानं त्यांनी विचारलं, “काय आरशासारखं?”

“ही पट्टी हो. त्या सूक्ष्मदर्शकाखाली होती ती. कचरा बसला होता बारीक.”

“केवढा?”

“तिळाएवढाही नसेल.”

“हिरवट?”

“हिरवट,” चष्मेवाला म्हणाला, आणि त्याच्या हातातलं कापड आपोआप थांबलं.

आता यात त्याचा दोष तरी कसा काढावा? न्हावी भेटला की तुमच्या डोळ्यांत बघायच्या आधी कानामागे बघतो. शिंप्याला लोंबता दोरा दिसला की बोलणं अर्धवट सोडून तो तोडतो. या गृहस्थाचं उभं आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेलेलं. काच दिसली की वाफ, वाफ दिसली की कापड. लग्नात नवरीच्या गळ्यात हार घालायच्या आधी त्यानं सासऱ्यांचा चष्मा पुसून दिला होता, असं त्याची बायको अजून सांगते.

त्या दिवशी तो भावोजींचा नवा चष्मा द्यायला आला होता. भावोजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नंबर काढून घेऊन गेले ते गेलेच. चष्मा तयार होऊन दुकानात धूळ खात पडला. शेवटी ताईचा फोन आला, “तो चष्मा तूच नेऊन त्यांच्या नाकावर बसव. काल त्यांनी साखर म्हणून मीठ घातलं आणि चहा पिऊन ‘बरा झालाय’ म्हणाले.” म्हणून स्वारी दुकान सोडून प्रयोगशाळेत. दाराशीच भावोजींनी त्याची झडती घेतली. चुंबक जबर ताकदीचं, त्यामुळे बारीक स्क्रू-ड्रायव्हर, चिमटे, किल्ल्या, सगळं प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये जमा झालं. पट्ट्याचं बकल पितळी निघालं म्हणून अब्रू वाचली. तोंडातली वाफ आणि खिशातलं कापड मात्र लोखंडाचं नसल्यामुळे आत गेलं.

मग दोघं जमिनीवर आले. अक्षरशः. भावोजी एका टेबलाखाली, मेहुणा दुसऱ्या टेबलाखाली, आणि मध्ये विजेरी. कापड झटकायचं नाही, म्हणून ते एका कागदावर प्रेतासारखं पसरून ठेवलेलं. त्यात काही नव्हतं. फरशीवर बरंच काही होतं: तारेचे तुकडे, एक बटण, वाळलेली माशी. हिरवट काही नव्हतं.

“दुसरा नाही का असा?” चष्मेवाल्यानं टेबलाखालून विचारलं.

“आहे. चुरा आहे त्याचा.”

“मग त्याच्यातलाच एक घ्या ना.”

“तो वेगळा,” भावोजी म्हणाले. “मोजायचं होतं ते ह्याच्यात.”

आणि ते विजेरी घेऊन पुढच्या टेबलाखाली सरकले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

भावोजींबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते स्वतः सांगणार नाहीत. संस्थेत त्यांना ‘उणेसर’ म्हणतात. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिपायानं विचारलं होतं, “साहेब, तुमच्या त्या भांड्यात गार म्हणजे किती गार?” भावोजींनी “उणे” म्हटलं, आणि आकडा तोंडातून निघायच्या आत कुणीतरी हाक मारली म्हणून ते निघून गेले. शिपायानं मिळालं तेवढं घेतलं. पुढे ते नाव त्यांना असं बसलं की बढतीच्या यादीतही ते तसेच राहिले. बोलणं उणं, हसणं उणं, घरी येण्याची वेळ तर फारच उणी. ताईचं लग्न ठरलं तेव्हा चष्मेवाला शाळेत होता. त्यानं नव्या पाहुण्यांना विचारलं होतं, “तुम्ही काय करता?” उत्तर आलं, “चुंबक बघतो.” पुढची कैक वर्षं पोरगं मित्रांना सांगत होतं की आमच्या भावोजींचं चुंबकाचं दुकान आहे.

दुकान नाही हे कळल्यावर एकदा त्यानं नीट बसून विचारलं होतं. तेव्हा भावोजींनी आयुष्यातलं सर्वांत लांब भाषण केलं. ते म्हणाले, “हे बघ, प्रत्येक अणू म्हणजे एक बारकं चुंबक धर. गर्दीत उभे असले की थंडी पडताच सगळे शिस्तीत येतात, कारण चारी बाजूंनी शेजारी ढकलतात. पण काही पदार्थांत ते नुसते रांगेत असतात. पुढे एक, मागे एक. वर-खाली, आजूबाजूला कुणी नाही.”

“मग?”

“मग काय. दोघांचं ऐकून कुणी शहाणा होतो का? कितीही गार करा, रांग डुलतच राहते. कधी शेजारच्याशी जोडी जमवतात आणि गप्प बसतात. मग बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, घरात कुणी नाही.”

“आणि तुम्हाला आतलं कसं कळतं?”

“अणूच्या पोटात केंद्रक असतं. तो त्या घरातला भाडेकरू. मालकांचं काय चाललंय ते त्याला भिंतीतून कळतं. आम्ही त्याला रेडिओच्या लहरीनं टिचकी मारतो, आणि तो कोणत्या सुरात बोलतो, किती वेळानं शांत होतो, ते ऐकतो. बारीक तारेची कॉइल असते, तिच्यात स्फटिक. तीच टिचकी मारते, तीच ऐकते.”

“म्हणजे लोकांच्या भिंतीला कान लावायचा.”

“हो.”

“आणि ह्याचा पगार मिळतो?”

“मिळतो.”

“आमच्या समोरच्या काकू फुकट करतात.”

भावोजी हसले होते. म्हणून तो दिवस चष्मेवाल्याच्या लक्षात राहिला.

या कान लावण्याच्या धंद्यात कानाची खरी कारागीर होती ती विणकरीण. भावोजींची शेवटची विद्यार्थिनी. केसाहून बारीक तारेचे वेढे ती खिडकीत बसून असे टाकायची की कुणाला वाटावं, बाई स्वेटरचा गळा उतरवते आहे. म्हणून ते नाव. आई लाँड्री चालवायची, वडील नव्हते. मुलगी बडबडी. भावोजींच्या खोलीत बोलण्याचा जो अनुशेष साठला होता तो तिनं एकटीनं भरून काढला. भिंतीवर नियमांचा एक कागदही तिनंच लावला होता, मोठ्या अक्षरात: ‘फ्लोरीनच्या स्फटिकाजवळ पांढरी पट्टी आणाल तर याद राखा!’ पांढरी पट्टी म्हणजे नळ गळू नये म्हणून प्लंबर आट्यांवर गुंडाळतो ती. पंपांच्या सांध्यांना ती प्रयोगशाळेतही लागते. तिच्यातही फ्लोरीन असतं. भावोजी ऐकायला बसले होते ते स्फटिकातल्या फ्लोरीनच्या केंद्रकांना, तेव्हा पट्टी जवळ असली तर भलताच भाडेकरू बोलायला लागायचा.

मग तिला रक्ताचा आजार निघाला. उपचारांच्या मधल्या मोकळ्या दिवसांत ती यायची, डोक्याला रुमाल बांधून. बोटं थरथरायला लागली होती, तरी कॉइल दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही. आणि त्याच दिवसांत ते घडलं. स्फटिक अगदी गार केल्यावर फ्लोरीनचा सिग्नल पसरून त्याचं रुंद टेकाड होईल अशी अपेक्षा होती. टेकाड झालं, पण त्याच्या बाजूला एक बारीक, ताठ सुळकाही उभा राहिला. जणू रांगेतले सगळे शिस्तीला लागले, पण काहीजण मात्र जोडी जमवून कोपऱ्यात गप्प बसले. असं आधी कुणी पाहिलं नव्हतं. भावोजींनी तो सुळका मोबाइलवर घेऊन इस्पितळ गाठलं. चष्मेवाला तिथंच होता. पोरीचा चेहरा इतका उतरला होता की चष्मा नाकावर राहीना, म्हणून तो नाकाच्या गाद्या बदलत होता. तिनं तो सुळका दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

“सर, हा खरंच आपला आहे ना?”

“आपलाच,” भावोजी म्हणाले.

लेख छापून आला तेव्हा ती नव्हती. पण नाव तिचं पहिलं होतं, भावोजींचं दुसरं. आईनं पहिलं पान फ्रेम करून लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलामागे भिंतीवर टांगलं. गिऱ्हाईक कपडे मोजायला थांबलं की नजर आपोआप वर जायची. अक्षरं परकी, पण मधोमध तो सुळका. आई म्हणायची, “हे तिनं शोधलं.” काय ते कुणी विचारायचं नाही. तिनं शोधलं, एवढं पुरे होतं.

भावोजींनी तेव्हापासून घरचे सगळे कपडे त्या लाँड्रीत न्यायला सुरुवात केली. सदरे, चादरी, पडदे. परवा तर पायपुसणं नेलं होतं. ताई म्हणायची, “माझ्या इस्त्रीला गंज चढला हो!” पण तीही जास्त काही म्हणायची नाही.

तर त्या दिवशी दुपारी, फरशीवरून उठल्यावर, चष्मेवाल्याला कळलं की आज एवढी तयारी का चालली होती. दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं कळवलं होतं: आम्ही तसाच स्फटिक करून पाहिला, टेकाड दिसतं, सुळका दिसत नाही, आमचंच काही चुकत असेल. सभ्य माणसं सभ्य भाषेत शंका घेतात ती अशी. म्हणून भावोजी तोच स्फटिक, तीच कॉइल घेऊन पुन्हा मोजणार होते. विणकरीण गेल्यापासून ती कॉइल त्यांनी कपाटातून बाहेर काढली नव्हती.

“आता काय करायचं?” चष्मेवाल्यानं विचारलं.

भावोजी टाकीकडे बघत होते. द्रव हेलियम काही उरलेला भात नव्हे, झाकून ठेवला आणि उद्या फोडणीला टाकला. ते वाफ होऊन चाललेलंच असतं. तुम्ही काम करा, नाहीतर कपाळाला हात लावून बसा.

“गार केलंच आहे तर कॉइल रिकामीच घालू,” ते म्हणाले. “कॉइलचा स्वतःचा आवाज तरी मोजून होईल. ते राहिलंच होतं.”

कॉइल बसवलेली लांब दांडी त्यांनी चुंबकाच्या पोटात सोडली. उंच स्टीलचं पिंप ते, वरच्या नळीतून पांढरी वाफ सुसाटत होती. चष्मेवाला कोपऱ्यातल्या स्टुलावर हात मांडीखाली दाबून बसला. हातांवर त्याचा आता विश्वास उरला नव्हता. पडद्यावर एक सपाट रेघ थरथरत होती. भावोजी टिचक्या मारत होते, ऐकत होते, बेरीज करत होते. हे काम असं की रेडिओवर खरखर लावून त्यातून कुणाची तरी हाक ऐकू येण्याची वाट बघावी.

आणि हळूहळू रेघेच्या मधोमध काहीतरी वर यायला लागलं. आधी मुंगीएवढं. मग काडीएवढं. मग बारीक, ताठ सुळका.

चष्मेवाला स्टुलावरून उडालाच. हा सुळका त्यानं ओळखला. लाँड्रीत प्रत्येक वेळी कपडे देताना बघितला होता.

“भावोजी! आला! आला की हो! म्हणजे स्फटिक आतच होता! मी पुसला तो कचराच होता! देवा, सुटलो बुवा एकदाचा!” त्यानं भावोजींच्या पाठीत चक्क थाप मारली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. “अहो, काय माणूस आहात तुम्ही! जीव टांगणीला लावलात ना माझा! मी मनातल्या मनात दुकान विकून तुम्हाला भरपाई देत होतो!”

भावोजी बसले. खुर्ची मागे आहे की नाही हे न बघता बसले; होती म्हणून बरं.

“आत काही नाही,” ते म्हणाले.

“अहो, दिसतोय की समोर!”

“तेच,” भावोजी म्हणाले. “आत काही नाही, आणि तो दिसतोय.”

चष्मेवाल्याला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यानं पाठीवरचा हात काढून घेतला. सुळका पडद्यावर वाढतच होता, चांगल्या घरच्या पोरासारखा, कुणाचं काय बिघडलंय याची खबर नसलेला.

दुसऱ्या दिवशी भावोजींनी कॉइल सूक्ष्मदर्शकाखाली धरली. नवा चष्मा डोळ्यांवर होता, आणि चष्मेवाला दाराबाहेर, स्वतःहून, हात मागे बांधून. तारेचं एक टोक जिथं जोडलं होतं तिथं, वेढ्यांच्या आत, पांढऱ्या पट्टीचा एक बारीक तुकडा होता. तार तिथं तुटली असणार. डिंक वाळायला वेळ लागतो. थरथरत्या हातांना तेवढा वेळ धरवलं नसणार, म्हणून पट्टी गुंडाळली. तुकड्याचं टोक उलटं दुमडलेलं होतं. पट्टीचं टोक पुन्हा सापडावं म्हणून ते दुमडायची सवय त्या खोलीत एकाच माणसाला होती. भावोजींनी चिमट्यानं पट्टी काढली, कॉइल पुन्हा रिकामी मोजली. रेघ सपाट. उरलेल्या चुऱ्यातला दाणा घालून मोजली. रुंद टेकाड. सुळका नाही.

नियम साधा होता: कॉइलला नुसतं बोट लागलं तरी आधी ती रिकामी मोजायची. पण विणकरणीला त्या आठवड्यात इस्पितळात भरती करणार होते, आणि जायच्या आधी काहीतरी बघायला मिळावं म्हणून भावोजी म्हणाले होते, “रिकामी नंतर मोजू.” ते ‘नंतर’ तिच्या मरणापलीकडे गेलं. मग कपाट उघडवलं नाही.

चष्मेवाल्याचं दुकान त्या दिवसांत नावालाच उघडं होतं. त्यानं एका म्हाताऱ्याला लांबचा नंबर जवळच्या फ्रेममध्ये बसवून दिला. रोज सकाळी जाग आली की पहिला विचार: आपण ती काच पुसली नसती तर? स्फटिक आत गेला असता, सुळका दिसला असता, भावोजींनी ‘आमचं बरोबर आहे’ असं कळवलं असतं, आणि सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं. एक फुंकर, आणि मेलेली पोर पुन्हा मारली. कुणी त्याला बोललं नाही. ताईसुद्धा नाही, आणि ताई तर त्याला लहानपणीच्या फुटलेल्या बरणीवरून अजून बोलते.

रविवारी तो तिच्याकडे गेला तेव्हा नवरा-बायको टेबलाशी बसले होते.

“लेख मागे घेतलाय,” ताईनंच सांगितलं. “यांचे साहेब म्हणाले, एवढी घाई कशाला, कोण बघतंय. यांनी ऐकलं नाही. ते एक ठीक आहे. पण आता त्या बाईला जाऊन सांगणार म्हणतात.”

“कशाला?” चष्मेवाला दचकला. “तिला काय कळतंय त्यातलं? ती कुठं ते मासिक मागवते?”

“फ्रेम लावलीय तिनं,” भावोजी म्हणाले.

“लावू दे की! आमच्या दुकानात आजोबांचा फोटो आहे, ते काय फार थोर होते? दारू पिऊन काउंटरवर झोपायचे.”

ताईला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही. “अहो, त्या बाईजवळ काय आहे दुसरं? एक कागद. तो काढून घेऊन तुम्हाला काय मिळणार?”

“काही नाही.”

“मग?”

“चुकीचं आहे ते.”

“अरे, याला तू तरी समजाव रे!” ताई भावाकडे वळून म्हणाली. लग्नाच्या एवढ्या वर्षांत नवऱ्याला पहिल्यांदाच तिनं एकेरीत आणलं, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

चष्मेवाल्यानं खुर्ची पुढे ओढली. गिऱ्हाइकाला महागडी फ्रेम गळ्यात मारताना तो जसा आवाज लावायचा तसा लावला. “भावोजी, ऐका. जायचंच असेल तर जाऊ, मी येतो बरोबर. पण सांगायचं कसं ते ठरवू. पट्टी तुम्ही लावलीत. वय झालं, दिसत नव्हतं, चष्मा जुना होता. हवं तर सांगा, मेहुण्यानं चष्मा वेळेवर दिला नाही. पोरीनं सगळं नीट केलं, सरांनी घोळ घातला. बाई तुम्हाला शिव्या देईल, द्या म्हणावं. पण पोरगी तिची सोन्याची राहील. पटतंय का?”

भावोजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“येणार असशील तर चल,” ते म्हणाले.

लाँड्रीत दुपारची शांतता होती. विणकरणीची आई सदऱ्याच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होती. या दोघांना बघून तिनं मान हलवली. “या सर. आज काय, गाद्या आणल्यात की काय?”

भावोजींच्या हातात काही नव्हतं. तिनं ते बघितलं आणि इस्त्री उभी केली.

भावोजींनी सांगितलं. त्यांना घोळवून सांगता येत नाही, त्यामुळे फार वेळ लागला नाही. तो सिग्नल स्फटिकाचा नव्हता. कॉइलमध्ये पट्टीचा तुकडा राहिला होता, त्याचा होता. लेख मागे घेतला.

बाईंनी फ्रेमकडे बघितलं नाही. भावोजींकडेच बघत विचारलं, “तो तुकडा कुणी ठेवला?”

चष्मेवाल्यानं भावोजींच्या कोपराला हात लावला.

“तिनं,” भावोजी म्हणाले. “तार तुटली होती, ती जोडायला. तपासायचं काम माझं होतं. मी तपासलं नाही.”

“तिनं चूक केली.”

“हो. मीही केली. माझी मोठी.”

“ज्याची मोठी तो समोर उभा आहे,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. म्हणून जास्त भीती वाटत होती. “सर, तुमचे किती कागद छापून आलेत आजवर?”

“आहेत बरेच.”

“तिचा किती?”

भावोजींनी फ्रेमकडे बघितलं.

“तेव्हा तिला उभं राहवत नव्हतं,” बाई म्हणाल्या. “मी म्हणायची नको जाऊस. म्हणायची, आई, सर थांबलेत. ओकत ओकत जायची. पिशवी घेऊन जायची बसमध्ये. आणि आता तुम्ही मला सांगताय की त्याचं काहीच झालं नाही.”

“झालं नाही,” भावोजी म्हणाले.

चष्मेवाल्यानं डोळे मिटून घेतले. इतका अडाणी माणूस आपण उभ्या जन्मात बघितला नाही, असं त्याला वाटलं. नुसतं एखादं ‘तसं नाही हो’ टाकायला काय लागत होतं?

रस्त्यावरून कुणीतरी गिऱ्हाईक डोकावलं आणि आतले चेहरे बघून निघून गेलं. बाईंनी इस्त्री उचलली. कॉलर गार झाली होती. त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून केली, एक बाजू, दुसरी बाजू, टोकं.

“फ्रेम मी काढणार नाही,” त्या म्हणाल्या.

“नका काढू. पण कुणी विचारलं तर चुकीचं आहे म्हणून सांगा.”

बाईंनी वर बघितलं. चष्मेवाल्याला क्षणभर वाटलं, ती इस्त्री आता येते. यायला हवी होती असंही वाटलं. पण त्यांनी फळीवरून एक गठ्ठा काढला, वर्तमानपत्रात बांधलेला, आणि भावोजींच्या समोर ठेवला. त्यांचेच पडदे होते.

“हे घेऊन जा. पैसे नकोत. यापुढे तुमचे कपडे इथं आणू नका.”

भावोजींनी गठ्ठा घेतला. जाताना त्यांनी नमस्कार करायला हात जोडायचा प्रयत्न केला, पण हातात पडदे होते.

रस्त्यावर ऊन होतं. चष्मेवाला तरातरा पुढे चालत राहिला, आणि मग एका बंद दुकानाच्या पायरीशी थांबून वळला. त्याला बोलायचं खूप होतं. त्या बाईचं तोंड, त्या पोरीची बसमधली पिशवी, आपलं ते कापड. पण तोंडातून निघाला तो नुसता राग.

“भावोजी, तुम्ही दगड आहात, दगड! मी तुम्हाला अख्खं वाक्य तयार करून दिलं होतं. ‘पट्टी मी लावली.’ तीन शब्द! तेवढं म्हणाला असतात तर काय आभाळ कोसळणार होतं?”

भावोजींनी पडद्यांचा गठ्ठा या हातातून त्या हातात घेतला.

“मग ती कॉइलही मीच केली असं झालं असतं.”